सहा तासांचा परका

पैज लागली ती फालीच्या तोंडावरून. ते सहा तास बंद राहू शकतं की नाही, यावरून. गुरुवारची संध्याकाळ होती, लेवान्तेचा गरम वारा तीन दिवस सुटलेला, आणि त्या वाऱ्यात स्पेनच्या टोकाला असलेल्या कादिसच्या माणसांचं डोकं जागेवर राहत नाही हे कादिसच्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. ला विन्या वस्तीतल्या सात बिऱ्हाडांच्या त्या घराच्या चौकात कासिल्दा बादलीत रश्श्यासाठी गोगलगायी धूत बसली होती, पाचव्यांदा पाणी बदलून. गोगलगायीच्या बाबतीत तिचा कुणावर विश्वास नाही. शेजारी नार्सिसो, निवृत्त पोस्टमन, दुखरा गुडघा खुर्चीवर ठेवून. आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर फाली, वय चोपन्न, बंदरात जहाजांचे दोर बांधायचं काम, आणि उरलेल्या वेळात लोकांची खोडी काढायचं.

"उद्या मोठी बोट येतेय," फाली म्हणाला. "तीन हजार माणसं. सकाळी मी बांधणार, संध्याकाळी सोडणार, आणि मधल्या वेळात ते तीन हजार जण येऊन वाळत घातलेल्या माझ्या चड्ड्यांचे फोटो काढणार."

"काढू देत की," कासिल्दा म्हणाली. "एवढी भोकं त्यांनी कुठे बघितली असणार!"

"पण एक सांगू? त्यांना आपण दिसतो, आपल्याला ते दिसत नाहीत. बोटीवरच्या माणसाला चेहराच नसतो. टोपी, नकाशा आणि भाजलेले गुडघे, संपला माणूस. उद्या मी तशी टोपी घालून त्यांच्यातून गाव फिरलो ना, तर तूसुद्धा मला ओळखणार नाहीस."

"टोपीचं सोड. तू गप्प कसा राहशील? तुझ्या बाप्तिस्म्यात तू पाद्रीबाबांना मध्येच तोडलं होतंस. मी होते तिथे, सात वर्षांची."

झालं. गोगलगायींनी बुळबुळीत झालेला हात पुढे आला आणि फालीने तो धरला. सकाळी नऊ ते दुपारी तीन, बोटीच्या लोकांबरोबर पायी गावभर फिरायचं; कुणी नावाने हाक मारली तर हरला, तोंडातून आपल्या भाषेतला एक शब्द सुटला तरी हरला. हरणाऱ्याने काय करायचं ते जिंकणारा ठरवेल, फक्त चारचौघांत करायचं. नार्सिसो मागून चालत लक्ष ठेवणार. चाळीस वर्षं पत्रं वाटलेला माणूस, खोटं बोलायची सवयच नाही. "आणि मार्ग?" नार्सिसोने विचारलं. फाली बोटांवर मोजत सांगत गेला: बंदराच्या फाटकातून बाहेर, मोठ्या चर्चचा चौक, मग मासळीबाजार, तिथून आपल्या घरावरून, आणि मग वखारवाल्या गल्लीतून खाली समुद्रावर. वखारवाल्या गल्लीतून, असं तोच म्हणाला, त्याच्याच तोंडाने, आणि कासिल्दाचा हात बादलीत थांबला. नार्सिसोने गुडघा चोळला. फालीला एकदम जिन्याची एक पायरी कमी लागावी तसं झालं. पाय टाकला आणि खाली काहीच नाही. त्या गल्लीत चानोचं तळलेल्या माशांचं दुकान होतं. चानो म्हणजे त्याचा थोरला भाऊ, आणि त्या गल्लीत फालीने नऊ वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. कादिस एवढंसं गाव, तिन्ही बाजूंनी पाणी, त्यात एक गल्ली नऊ वर्षं टाळायची म्हणजे काय चेष्टा आहे? ब्रेडसाठीसुद्धा त्याने लांबचा रस्ता केला होता, शंभर वेळा, हजार वेळा, आणि आता पैजेच्या नादात त्याचं तोंड त्याला न विचारता तिकडे वळलं होतं.

शुक्रवारी सकाळी सातला बोट आली. फालीने दोर झेलला, लोखंडी खुंटावर घातला, वर कठड्याला टेकलेल्या झोपाळू लोकांना सवयीने हात केला आणि दोरांच्या खोलीत जाऊन कपडे बदलले. आखूड विजार, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, मेहुण्याचा फुलाफुलांचा शर्ट, कान झाकणारी कापडी टोपी, काळा चष्मा. नाकावर पांढरं मलम इतकं थापलं की आरशात आपण केक दिसतोय असं त्याला वाटलं. खरी गंमत चालण्यात होती. बोटीची माणसं कशी चालतात याच्यावर त्याने ग्रंथ लिहिला असता. त्यांना घाई असते आणि कुठे जायचं नसतं. म्हणून ती तीन पावलं जोरात टाकतात आणि थांबतात, पुन्हा तीन, पुन्हा थांबतात, कोंबडीसारखी. लहानपणी तो आणि चानो बंदरात उतरणाऱ्या खलाशांच्या मागे मागे चालायचे, हुबेहूब त्यांच्यासारखे. चानो नेहमी पुढे, कारण तो तीन वर्षांनी मोठा. एकदा एक ग्रीक खलाशी वळला आणि चानोच्या डोक्यावर त्याने टपली मारली तेव्हा फाली मागच्या मागे पळाला आणि थेट बापाच्या दुकानातल्या पिठाच्या पिंपात जाऊन बसला. पांढराशुभ्र. चानोने तासाभराने झाकण उघडलं आणि म्हणाला, "तळू का?" ही आठवण फाटकातून बाहेर पडता पडता आली आणि फालीला हसू फुटलं. परक्या माणसाला कारण नसताना हसायची मुभा असते, हे बरं होतं.

आणि मग गाव सुरू झालं. पहिल्या दहा मिनिटांत त्याला ओळखीची अकरा माणसं दिसली. रोज याच अकरा जणांना "काय रे ए" आणि "मेला नाहीस अजून?" म्हणत तो ब्रेडच्या दुकानापर्यंत जायला अर्धा तास लावायचा. आज एकही नजर थांबली नाही. त्याच्या सख्ख्या न्हाव्याने, ज्याने त्या डोक्यावरून तीस वर्षं हात फिरवला होता, त्याला जरा बाजूला सारलं आणि दारातलं पाणी झाडलं. कोपऱ्यावरच्या टपरीत लॉटरी विकणाऱ्या आंधळ्या एउसेबियोने मात्र कान टवकारले, कारण तो गावाला पावलांवरून ओळखतो. त्याने तीन जोरात, थांब, तीन जोरात, थांब, असं इमानेइतबारे केलं. "कोंबड्या आल्या," एउसेबियो स्वतःशी म्हणाला आणि तिकिटं मोजायला लागला. फाली जिंकत होता. त्याला वाटलं होतं की जिंकताना गुदगुल्या होतील. झाल्याही, पण त्यांच्या खाली काहीतरी थंड होतं, बुटात पाणी गेल्यासारखं. म्हणजे एवढंच लागतं? एक टोपी आणि थोडं मलम, आणि चोपन्न वर्षांचा माणूस गावातून पुसून टाकता येतो? मेल्यावर माणूस आपल्या गावातून असाच फिरत असेल काय, सगळ्यांना बघत, आणि कुणी बाजूला सारून पाणी झाडत? असेल बुवा. निदान त्याला फुकट नकाशा तरी देत असतील.

नकाशा हातात असला की मान वर करावी लागते, हे त्याला कळलं. बोटीची माणसं सारखी वर बघतात. गावातला माणूस खाली बघतो, कुत्र्यांमुळे. आणि वर बघताना फालीला असं कादिस दिसायला लागलं जे त्याने जन्मात बघितलं नव्हतं. न्हाव्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, एक दगडी बाईचं तोंड होतं, जीभ बाहेर काढलेलं. तीस वर्षं तो तिच्या खाली दाढी करून घेत होता आणि ती त्याला जीभ दाखवत होती. घरांच्या डोक्यावर जुने टेहळणी मनोरे, जिथून पूर्वीचे व्यापारी आपली जहाजं शोधायचे, आणि एका मनोऱ्यात कुणीतरी चक्क कोंबड्या पाळलेल्या. त्याला हे कुणाला तरी सांगायचं होतं. घसा खाजायला लागला. मागे वळून बघितलं तर नार्सिसो वीस पावलांवर, लंगडत, पोस्टाच्या जुन्या पिशवीतून संत्रं काढून सोलत, डोळा न हलवता.

मासळीबाजारात एका म्हातारीने त्याचा दंड धरला. बोटीवरचीच, गवताची हॅट, निळी फीत, काठीइतकी बारीक आणि काठीइतकीच ताठ. फाली आपल्याच बोटीवरचा, असं तिने गृहीत धरलं. तिच्या भाषेत ती भराभरा काहीतरी बोलली, त्यात एक प्रश्न होता. फाली तिच्याच भाषेतलं 'हो' म्हणाला, "या, या." ती खूश झाली आणि तिने दंड सोडलाच नाही. मग दोघं निघाले, तीन जोरात, थांब. ती प्रत्येक दारापुढे थांबायची, प्रत्येक कुंडीला काहीतरी म्हणायची, आणि फालीच्या लक्षात आलं की शब्द कळत नसले तरी बाई वात्रट आहे. एका जाड्या पोलिसाकडे बघून ती अशी काही पुटपुटली की ती चहाटळ गोष्ट होती याबद्दल त्याला शंकाच राहिली नाही. फालीच्याच घरासमोर तिने त्याला कॅमेरा दिला, भिंतीला टेकून उभी राहिली आणि वर बोट दाखवलं. वर फालीच्या चड्ड्या होत्या, चार, लेवान्तेत फुगलेल्या, एखाद्या गलबताच्या शिडांसारख्या. त्याने डोळा बारीक करून, मन लावून, म्हातारीचा आणि आपल्या चड्ड्यांचा फोटो काढला. दारात कासिल्दा कमरेवर हात ठेवून उभी होती. तिची नजर त्याच्यावरून सरकली, नार्सिसोवर गेली, पुन्हा फिरली आणि मलमाखालच्या नाकावर थबकली. तिने ओठ आत ओढून घेतले. ती हसू दाबत होती की नाव, ते कळलं नाही. पण नाव आलं नाही. "समुद्र तिकडे आहे, साहेब," ती मोठ्याने, हातवारे करत म्हणाली, "त्या गल्लीतून, सरळ."

जणू त्याला ठाऊक नव्हतं. म्हातारीने हाताची दिशा बघितली आणि त्याला ओढलं. आता मागे फिरणं म्हणजे पैज हरणं, आणि पुढे जाणं म्हणजे चानो. फाली स्वतःला सांगत होता की आपण दुकानासमोरून नुसते जाणार, तीन जोरात, थांबायचंही नाही. तो गेली नऊ वर्षं स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगत आला होता. त्यातली मुख्य अशी की भावाला विनोद कळत नाही. झालं होतं ते गावाला माहीत होतं. पन्नाशीच्या अलीकडे चानोने टक्कल झाकायला केसांचा टोप आणला, तांबूस, कोल्ह्याच्या रंगाचा. भाचीच्या बाप्तिस्म्याला चर्चच्या पायऱ्यांवर लेवान्ते आला, टोप उडाला, एका कुत्र्याने तो तोंडात धरला आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत समुद्राकडे धूम ठोकली. असलं काही डोळ्यांदेखत घडल्यावर फालीने काय करायचं होतं? तो दरवर्षी कार्निव्हलला मेळा काढायचा, बारा जणांचा, एक ढोल, दोन गिटारी. गाणी तोच लिहायचा. त्या फेब्रुवारीत मेळ्यातले बारा जण टोप बनून रस्त्यावर आले, समुद्रात वाहून गेलेले, घर शोधणारे, तांबूस काथ्याचे. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर गाव पोट धरून लोळलं. वखारीच्या कोपऱ्यावर, भर दुपारी, चानो पहिल्या रांगेत उभा होता. सगळं ऐकलं. एकदाही हसला नाही. शेवटची ओळ संपली तेव्हा तो वळला आणि गेला, आणि नंतर फालीने दुकानाच्या दारात पाय ठेवला तर म्हणाला, "बंद आहे." तेल उकळत होतं, गिऱ्हाईक उभं होतं. बंद आहे. महिन्याभराने फालीने माफी मागायची म्हणून भारीतला टोप विकत घेतला, काळा, आणि पोस्टाने पाठवला. नार्सिसोनेच तो पोचवला आणि नार्सिसोनेच परत आणला. "घेतला नाही," नार्सिसो म्हणाला होता. "वर काही बोललाही नाही. रंग आवडला नसेल."

वास आधी आला. तेल, पीठ, व्हिनेगर, ओवा. म्हातारी नाक वर करून थांबली आणि फालीच्या दंडातून तिची बोटं म्हणाली, इथे. ती आत शिरली. मागोमाग तोही, कारण दंड तिच्याकडे होता. दुकान तसंच, संगमरवरी फळी मध्ये झिजलेली, बापाचा फोटो तिरका. रांगेत गावातल्या दोन बायका. फळीमागे चानो, टक्कल चकचकीत, उघडं, कशाचीही लाज न बाळगणारं, आणि पोट नऊ वर्षांनी पुढे आलेलं. परक्या गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायची त्या दुकानाची बापापासूनची रीत होती. तोंडभर हसायचं, मान लववायची, आणि त्याच्या तोंडावर त्याचा उद्धार करायचा. त्याला कळत नाही, तो मान हलवतो, गावचं गिऱ्हाईक मेटाकुटीला येतं. मासा मात्र वजनाला चोख द्यायचा.

"या या या," चानो हात पसरून म्हणाला. "बघा हो बायकांनो, आज बोटीने काय ओकलंय! बाई सुंदर आहे, पण हे गृहस्थ? नाक बघा. या नाकाला दोर बांधला तर बोट लेवान्तेतसुद्धा हलायची नाही."

बायका खिदळल्या. फालीने परक्यासारखी मान हलवली.

"हलवतोय बघा मान! गुणी आहे. माझा एक भाऊ होता, असंच नाक."

"होता काय म्हणतोस मेल्या," एक बाई म्हणाली. "फाली चांगला जिवंत आहे."

"असेल. मला कुणी कळवलं नाही. मुशी देऊ, साहेब? मुशी?" चानोने व्हिनेगरात मुरवलेला मुशीचा तुकडा वर धरला, पिठात घोळवला, तेलात सोडला. "काय आहे साहेब, तुमच्याशी बोलायला बरं वाटतं. तुम्हाला कळत नाही. ज्यांना कळतं त्यांच्याशी बोलून काही उपयोग झाला नाही. गाव म्हणतं, चानो टोपावरून रुसला. तुम्ही सांगा, मी टोपावरून रुसेन?"

फालीने मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली ते त्यालाही कळलं नाही.

"अहो, या गावात ज्याच्यावर गाणं होत नाही तो मेल्यात जमा. तो बघा आमचा बाप, भिंतीवर. सत्तर वर्षं जगला, सगळ्यांना मासे खायला घातले, आणि एक ओळ मिळाली नाही बिचाऱ्याला. मला आख्खं गाणं मिळालं! बारा टोप नाचले माझ्यापायी! मी मेलो की माझ्या दगडावर तेच कोरा म्हणून सांगून ठेवलंय मी."

"मग रे?" बाई म्हणाली. ती हसायची थांबली होती.

"मग काय. तीस वर्षं त्या मेळ्यात खालचा आवाज मी लावला. तो वरचा, मी खालचा. आणि त्या वर्षी हा येतो, इथेच, तुम्ही उभे आहात तिथे, साहेब, आणि म्हणतो, चानो, यंदा मेळा नाही निघत, माणसं जमत नाहीत. मी म्हटलं, बरं. आणि सोमवारी पलीकडे, या भिंतीला लागून जी दारूची वखार आहे ना, तिथे ढोल. ढोलावर फडकं टाकलेलं, मला ऐकू जाऊ नये म्हणून. फडक्यातून ढोल ऐकू येत नाही होय? सोमवारी आणि बुधवारी, चार महिने. मी इथे मासे तळतोय, आणि पलीकडे अकरा जण आणि माझ्या जागेवर तो टेम्पोवाला पोर्रास, ज्याला सूर म्हणजे खाण्याची वस्तू वाटते. पहिल्या आठवड्यात शब्द कळले. मी भिंतीला कान लावून हसून हसून रडलो. दुसऱ्या आठवड्यात मला खालचा आवाज सुचला. मग मी इथून लावायचो. हळू. तेलाच्या आवाजात. वाट बघत होतो की आज येईल, उद्या येईल, म्हणेल, चल ऊठ, तुझ्यावाचून होत नाही."

मुशी तेलात तडतडत होती. चानोने झाऱ्याने ती उलटली, सावकाश, जणू तिला दुखू नये. फालीच्या टोपीखाली घाम आला होता आणि मलम गालावर ओघळत होतं. फडकं. ते फडकं त्यानेच टाकलं होतं, बायकोचा जुना झगा, निळा, आणि टाकताना तो खदखदून हसला होता, केवढी गंमत होईल, चानोचं तोंड बघण्यासारखं होईल. नऊ वर्षं त्याने ते तोंड पुन्हा पुन्हा बघितलं होतं, वखारीच्या कोपऱ्यावरचं, न हसलेलं, आणि प्रत्येक वेळी त्यावर टोपाची लाज वाचली होती. पोस्टाने टोप पाठवला होता, गाढवाने. काहीतरी म्हणायला हवं होतं आणि पैज अजून दोन तास शिल्लक होती. त्याने दात आवळले. म्हातारी त्याच्याकडे बघत होती.

"आणि साहेब," चानो कागदाच्या शंकूत मासे भरत म्हणाला, "एवढं सगळं करून तिसरी ओळ पडली ती पडलीच. लांबली. मधे श्वास घ्यायला जागाच नाही. लिहिणाऱ्याला जमलंच नाही."

"जागा आहे!" फाली ओरडला. "कुत्र्याच्या नंतर आहे! तिथे घ्यायचा श्वास! पोर्रासला घेता येत नव्हता त्याला मी काय करू!"

म्हातारीने आनंदाने टाळी वाजवली, परक्या देशात आपल्या माणसाला भाषा येते म्हणून. दारातून संत्र्याचा वास आला आणि नार्सिसोचा आवाज. "एक वाजून दहा मिनिटं," तो म्हणाला. "हरला."

चानोच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. फळीवर दोन्ही कोपरं टेकून तो फालीकडे बघत होता. "बोललास एकदाचा."

"तू... कधी ओळखलंस?"

"आत आलास तेव्हा. तेल उडतं ती फरशी टाळून उभा राहिलास. बोटीची माणसं बरोबर तिच्यावर उभी राहतात. बापाने तुला त्या फरशीवर किती वेळा भाजलेलं बघितलंय."

फालीने चष्मा काढला. आता बोलायला हरकत नव्हती. पण तोंडातून आलं ते भलतंच. "तुला तालमीला बोलावलं असतं, तर गंमत गेली असती."

"कुणाची?" चानो म्हणाला.

एवढंच. रागाने नाही, खरंच विचारावं तसं. पाद्रीबाबांना तोडणारं, न्हाव्याला, पोलिसाला, अख्ख्या कादिसला पुरून उरणारं तोंड उघडलं आणि मिटलं. फालीने मान हलवली, आणि या वेळी ती आडवी हलली हे त्याला कळलं. चानोने ते बघितलं. शंकू म्हातारीच्या हातात दिला, तिने पुढे केलेली नोट मागे लोटली. "जा आता," तो फालीला म्हणाला. "रांग लागलीय." यात दार उघडं होतं की बंद, याचा फाली समुद्रापर्यंत विचार करत गेला. म्हातारीने त्याला शंकूतली मुशी भरवली. चव तीच होती, बापाची, आणि तोंड भाजलं.

कासिल्दाने शिक्षा ठरवायला अर्धं मिनिटसुद्धा घेतलं नाही. साडेपाचला बोट सुटते. फालीनेच दोर सोडायचे. कासिल्दाचा जांभळा, फुलाफुलांचा घरात घालायचा झगा अंगात, केसांत तिचे कुरळे करायचे रोल, आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईसारखा बोटीच्या नावाने टाहो, शेवटचा दोर पाण्यात पडेपर्यंत. "आणि खराखुरा," ती म्हणाली. "पोटातून. लाजत केलंस तर उद्या पुन्हा."

पाच वाजता बंदराच्या लोखंडी कुंपणापाशी अख्खं ला विन्या जमलं. सात बिऱ्हाडं, न्हावी, आंधळा एउसेबियो, आणि जाडा पोलीससुद्धा, कर्तव्यावर. मुकादमाने फालीला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, रोल मोजले आणि म्हणाला, "हेल्मेट घाल. नियम आहे." म्हणून रोलांवर नारिंगी हेल्मेट. बोटीच्या कठड्याला तीन हजार माणसं, सगळ्यांच्या हातांत कॅमेरे. भोंगा झाला. फालीने पहिला दोर खुंटावरून उचलला आणि गळा काढला. "नको गं जाऊ! मला टाकून नको जाऊ!" कुंपण फुटायला आलं. वरून शिट्ट्या. तो गुडघ्यावर बसला, दोर छातीशी धरला, "काय कमी केलं गं मी तुला! सकाळी बांधलं, कोण बांधतं एवढं जीव लावून!" असलं काम त्याला जन्मजात यायचं. पण दुसऱ्या दोराशी आल्यावर तोंड चालू असताना डोळे आपले कुंपणावरून फिरायला लागले. एक टक्कल शोधत. नव्हतं. साडेपाच म्हणजे चानोची तेल तापवायची वेळ, शुक्रवारची गर्दी, तो कशाला येतोय. आणि तेव्हा टाहो जरा जास्तच खरा व्हायला लागला. तो वर वर चढत गेला, चिरकला, आणि हसणारी काही माणसं हसायची थांबून एकमेकांकडे बघायला लागली. शेवटचा दोर.

"अरे फार वर लावलायस," कुंपणातून कुणीतरी म्हणालं. "फुटेल. आहे तिथे सूर धरून ठेव."

एप्रन तेलकट, हातात अजून झारा. दुकान बंद करून आला होता, किंवा तसंच उघडं टाकून. त्याच्या कपाळावर पीठ होतं. चानोने गजांमधून तोंड पुढे केलं, डोळे मिटले, आणि खालून, अगदी पोटाच्या तळातून, तोच टाहो लावला, दोन सूर खाली, जाड, अढळ. फालीचा आवाज त्यावर जाऊन टेकला. एउसेबियोने हॅट काढली. कुणीतरी कुंपणाच्या पत्र्यावर ठेका धरला. दोर सुटला, पाण्यात पडला, बोट सरकली, वीतभर पाणी मधे आलं, मग वावभर. पैज तिथेच संपत होती. कासिल्दा ओरडून सांगत होती, बास झालं रे, फिटलं.

"थांबलास का?" चानो म्हणाला.

फालीने श्वास घेतला आणि पुन्हा वरचा लावला.